इशारा पातळीच्या खाली

राजाराम बंधाऱ्यावर मोजपट्टी आहे.
एकोणचाळीस फुटांना इशारा, त्रेचाळीसला धोका.
मी आनंदा पाडळकर, कसबा बावडा,
पाटबंधारेच्या वहीत रोज फूट आणि इंच लिहितो.
त्रेचाळीस झालं की गावभर फोन वाजतात,
शाळांत सतरंज्या पडतात, भाकरीची गाठोडी येतात,
माणसं होडीतनं जातात म्हशी सोडवायला.
एकवीस फुटांना कुणी फोन करत नाही.

माझं एकवीस होतं.
किती वर्षं, असं शिरगुप्पे मॅडमनी विचारलं
सीपीआरच्या त्या पिवळ्या खोलीत,
तर मी बोटं मोजायला लागलो
आणि बोटं संपली.

तोवर मी त्याला स्वभाव म्हणत होतो.
आई म्हणायची, पोरगं पहिल्यापासनं गप्पच.
तालमीतले म्हणायचे, नाव आनंदा आन् थोबाड बघा.
या गावात ज्याला त्याला कसला तरी नाद असतो,
कुस्तीचा, कबुतरांचा, पेठेच्या फुटबॉलचा,
रविवारी तांबडा आधी का पांढरा, यावरनं भांडणाचा.
मला कशाचाच लागला नाही.
मॅचला मात्र जायचो.
गोल झाला की सगळं स्टेडियम उठायचं,
मीही उठायचो,
जरा उशिरा.

रडलो म्हणाल, तर नाही.
कामावर खाडा नाही, पगार घरात.
झोप यायची, पण आखूड वाकळेसारखी,
डोकं झाकलं की पाय उघडे.
प्रणोती दहावी झाली तेव्हा तिनं पेढा भरवला,
मी तो तोंडात धरून उभा राहिलो,
आता गिळ, असं कुणीतरी सांगेल म्हणून.

मॅडमनी कागद दिला. नऊ प्रश्न,
शून्य ते तीन, लागू असेल त्याला गोल.
मी सगळीकडं एकला गोल केला.
तीन एकदाही नाही. लाज वाटली,
एवढ्याशा पाण्यासाठी केसपेपर काढला.
बाहेर बाकावर वडणग्याचा एक जण होता,
चार दिवसांत तीन म्हशींना इसार देऊन आलेला,
झोप नाही, तोंड थांबेना.
बायको म्हणाली, मागल्या महिन्यात हेच
भिंतीकडं तोंड करून पडलेलं, अंघोळ बी न्हाई.
मला त्याचा हेवा वाटला, खोटं कशाला सांगू.
त्याची नदी निदान दिसत तरी होती.

तुम्ही मोजपट्टीवाले ना, मॅडम म्हणाल्या,
पट्टीचा शून्य कुठं असतो? तळाला?
म्हटलं, नाही. शून्य आपण धरलेला असतो.
त्याच्या खाली पण पाणी असतंय.
त्या बोलल्या नाहीत, लिहीत राहिल्या.
मी माझ्याच वाक्याकडं बघत बसलो.

आजाराचं नाव लांब होतं,
धावत्या एसटीच्या पाटीसारखं,
वाचून होईस्तोवर पुढं गेलेलं.
मराठीत म्हणाल्या, रेंगाळलेली उदासी.
आणि म्हणाल्या, हिच्यावर कधीकधी पूरही चढतो,
तसं वाटलं तर मोजत बसू नका, निघून या.

गोळी पांढरी, मसुराएवढी.
दर गुरुवारी अर्धा तास बोलायचं,
त्यात पहिले दोन गुरुवार मी पावसापाण्याचंच बोललो.
सातवा आठवडा. काही उजाडलं वगैरे नाही.
मंगळवारी शालन भाकरी थापत होती,
तिच्या नाकात काहीतरी चमकलं.
म्हटलं, ही चमकी कधी घेतलीस?
तिचा हात परातीत थांबला.
दिवाळीला.
गेल्या?
न्हाई. त्याच्या बी आदल्या.

तव्यावरची भाकरी तेवढ्यात एका बाजूनं करपली.
ती माझ्या ताटात आली. मी खाल्ली,
आणि ती करपलेली लागली.